विसावी केस

शिवम्मा सिस्टरबद्दल चांगलं लिही असं मला कुणी सांगितलेलं नाही, आणि सांगितलं असतं तर मी लिहिलंही नसतं. पंधरा वर्षं मी या बाईवर जळत आले आहे. तोंडावर अहो-जाहो केलं, पण मनात ती कायम ‘ती’च राहिली. म्हणून इथंही ‘ती’च लिहिते, उगाच खोटा मान देत नाही.

लातूर जिल्ह्यात कर्नाटकच्या सीमेला लागून एक तालुका आहे. तिथल्या सरकारी दवाखान्याच्या लेबर रूममध्ये शिवम्मा सिस्टर होती. दवाखान्याचं नाव घेत नाही, कारण पुढं जी लाज सांगायची आहे ती माझी आहे, दवाखान्याची नाही. लातूरच्या आमच्या नर्सिंग कॉलेजच्या मुली सहा-सहा आठवडे तिथं पोस्टिंगला जातात. वर्गात जे फळ्यावर शिकल्या ते तिथं जिवंत बाईवर शिकतात. प्रत्येकीला वीस बाळंतपणं स्वतःच्या हातानं करावी लागतात, केसबुकात लिहावी लागतात आणि प्रत्येक केसखाली तिथल्या सिस्टरची सही आणावी लागते. वीस सह्या झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही.

यात पुष्कळ ठिकाणी काय चालतं ते आमच्या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. बाळंतपण एक होतं, टेबलाभोवती दहा मुली उभ्या असतात, आणि दहाही केसबुकांत तीच केस चढते. सही करणारीला ठाऊक असतं, घेणारीलाही ठाऊक असतं. शिवम्माकडे हे चालायचं नाही. एक लेकरू, एक सही. आणि सहीच्या आधी ती मुलीला बाहेर व्हरांड्यात न्यायची आणि तीन गोष्टी विचारायची. बाईचं नाव काय? सकाळपासून तिच्या पोटात काय गेलंय? बाहेर तिचं कोण थांबलंय? पुस्तकातलं एक अक्षर नाही. तिन्ही उत्तरं आली तर ती खिशातून पेन काढायची, नाहीतर केसबुक मिटून हातात द्यायची.

ती मूळची सीमेपलीकडची. माहेरी कन्नड, सासरी निलंग्याकडच्या गावात अर्धं कन्नड आणि अर्धं मराठी. नवरा वीरण्णा एसटीत ड्रायव्हर. एक मुलगा झाल्यावर ती नर्सिंगचा साडेतीन वर्षांचा जुना डिप्लोमा शिकायला गेली, तेव्हा गावानं वीरण्णाला फार ऐकवलं. त्यानं ऐकून घेतलं आणि दर शनिवारी ज्वारीच्या भाकरी घेऊन हॉस्टेलच्या फाटकाशी उभा राहिला. हे सगळं मला तिनं सांगितलेलं नाही, तिच्या लाडक्या मुलींनी सांगितलं आहे. मला तिनं स्वतःहून कधी काही सांगितलं नाही, आणि तेही मी लक्षात ठेवलं आहे.

दिसायला ती बुटकी होती. हात मात्र तिच्या अंगाला शोभू नयेत एवढे मोठे. कपाळाला विभूतीची पुसट रेघ. आवाज कधी चढायचा नाही. कळा जोरात आल्या की ती एकच शब्द म्हणत राहायची, ‘निधान अम्मा, निधान.’ कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश. बाळंतीण समजायची आपल्याला म्हणतेय, आणि थरथरणारी विद्यार्थिनी समजायची आपल्याला म्हणतेय. दोघी सावकाश व्हायच्या.

मी नांदेडकडच्या हिमायतनगरची. वडील साहेबराव पंचायत समितीत शिपाई होते. आमच्या घरातला पहिला पांढरा गणवेश माझा. तो घालून मी पहिल्यांदा घरी गेले तेव्हा वडिलांनी मला चहा पिऊ दिला नाही, आधी गल्लीतून एक चक्कर मारायला लावली. मी हुशार होते. हे मी सांगायला नको, पण दुसरं कोण सांगणार? पोस्टिंगमध्ये माझ्या एकोणीस केसेस पहिल्या चार आठवड्यांत झाल्या. एकोणीसही वेळा शिवम्मानं मला व्हरांड्यात नेलं, आणि एकोणीसही वेळा माझी उत्तरं तयार होती. कारण मला तिची परीक्षा कळली होती. मी टेबलाजवळ जायच्या आधीच नाव, भाकरी आणि सासू अशी तीन टिपणं तळहातावर लिहून घ्यायचे.

विसावी केस पोस्टिंगच्या शेवटच्या आठवड्यात मिळाली, आणि तिलाच घाई झाली. बाई आली तीच कळा देत आली. मी हातमोजे चढवले, बाळाचं डोकं धरलं, खांदा सोडवला, नाळ कापली. वार पूर्ण आली की नाही ते पाहिलं. सगळं पुस्तकात लिहिलंय तसं. माझ्या वीसमधली ती सगळ्यात चांगली केस होती, हे मी आजही कुठल्याही कोर्टात सांगेन.

व्हरांड्यात शिवम्मानं विचारलं, “बाईचं नाव काय ग?”

मी म्हणाले, “तीन नंबर.”

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. “तीन नंबर टेबलाचं नाव हाय की,” एवढं बोलून तिनं केसबुक मिटलं आणि माझ्या हातात दिलं.

त्यानंतर मला टेबल मिळालं नाही. पोस्टिंग संपायला दोन दिवस राहिले होते आणि दुसऱ्या मुलींच्या केसेस अडल्या होत्या. मी लातूरला आले, आमच्या तेव्हाच्या मॅडमपुढं रडले आणि त्यांनी विसाव्या केसखाली सही केली. परीक्षेत मी जिल्ह्यात पहिली आले. वडिलांनी पेढे वाटले. मी एक पेढा तोंडात घातला आणि मला तेवढ्यातही केसबुक मिटणारा शिवम्माचा तो हात दिसला. त्या बाळंतिणीचं नाव मला आजही माहीत नाही.

पुढं मी एम.एस्सी. केलं आणि आमच्याच कॉलेजात क्लिनिकल इन्स्ट्रक्टर झाले. पोस्टिंगवरच्या मुलींना आधार देणं, त्यांना शिकवणं, त्यांच्यावर लक्ष ठेवणं हे माझं काम. म्हणजे कागदावर माझं. मुली उभ्या राहायच्या शिवम्माभोवती. मी लेबर रूममध्ये शिरले की त्या सरळ व्हायच्या, टोप्या नीट करायच्या, आणि मी वळले की पुन्हा तिच्याकडे सरकायच्या. माझ्या पोटात दुखायचं. मी एम.एस्सी., ती जुन्या डिप्लोमाची. मी अठरा लेखांचे संदर्भ देणार, ती भाकरी विचारणार.

सगळ्यात जास्त जीव जळाला तो बुद्धप्रियापायी. ही अर्धापूरची मुलगी, माझ्या हाताखाली घडलेली. इंजेक्शन द्यायला घाबरायची तेव्हा मी माझा दंड पुढं केला होता. रात्री-अपरात्री अडलं की मला फोन करायची. ती पोस्टिंगला गेली आणि तीन आठवड्यांनी मधेच एका दिवसापुरती वर्गात आली. मी प्रसूतीच्या पायऱ्या शिकवत होते, ही हात वर करून म्हणाली, “मॅडम, शिवम्मा सिस्टर म्हणतात, डोकं येताना आपला हात बाईच्या कळेच्या मागं चालला पाहिजे, पुढं न्हाई.” सगळा वर्ग वहीत लिहू लागला. माझं वाक्य फळ्यावर अर्धं राहिलं होतं, ते कुणी उतरून घेतलं नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्ये प्राचार्यांनी मला बोलावलं. पोस्टिंगमध्ये मुलींना खरंच आधार मिळतो का, कुणाकडून मिळतो, याचं मूल्यमापन करायचं होतं. मुलींकडून फॉर्म भरून घ्यायचे, दवाखान्यात जाऊन बघायचं आणि अहवाल द्यायचा. त्यातून एक नाव काढायचं होतं. लेबर रूममध्ये मुलींना शिकवायला एक मानद मार्गदर्शक नेमायची होती. प्राचार्य सहज म्हणाले, “त्या शिवम्मा सिस्टर मे अखेरीला रिटायर होऊन राहिल्यात. त्यांनी दवाखान्याच्या अधीक्षकांकडं स्वतःहून विचारलं म्हणे, पोरींसाठी आठवड्यातून दोन दिवस येऊ द्या म्हणून. तुमच्या अहवालावर ठरवू.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचं काहीतरी माझ्या सहीवाचून अडलं होतं.

फॉर्म मीच तयार केला. प्रश्न पहिला, तुम्हाला सर्वाधिक आधार कोणाचा वाटला? खाली चार चौकटी, चारही कॉलेजच्या शिक्षकांच्या. दवाखान्याच्या सिस्टरसाठी चौकट नव्हती. कुणी विचारलं तर मूल्यमापन कॉलेजचं आहे असं मी म्हणणार होते. वर रोल नंबरची जागा ठेवली. चाळीस फॉर्म आले. चाळीस जणींनी माझ्या चौकटीत बरोबरची खूण केली होती आणि पाचपैकी पाच दिले होते. त्या संध्याकाळी मी घरी जाताना स्वतःसाठी मोगऱ्याचा गजरा घेतला.

दुसऱ्या दिवशी फॉर्म लावून ठेवताना शेरे वाचले. ‘मॅडम वेळोवेळी मोलाचे मार्गदर्शन करतात.’ पहिल्या फॉर्मवर तेच, सातव्यावर तेच, तिसाव्यावर तेच. एकीचं बघून दुसरीनं उतरवलं होतं, जशा केसेस उतरवतात तसं. मी बुद्धप्रियाला बोलावून विचारलं.

ती खाली बघत म्हणाली, “मॅडम, वर रोल नंबर हाय. इंटरनलचे मार्क तुमच्या हातात हायेत.”

“आणि रोल नंबर नसता तर?”

“तर काय मॅडम, चौकटच न्हाई ना फॉर्मात.” कुणाची चौकट, हे तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

एप्रिलमध्ये मी पाहणीला गेले. हातात तपासयादी, मनात एकच काम, शिवम्माच्या चुका शोधायच्या. आणि सापडल्या. कळांची नोंद करायचा तक्ता ती वेळेवर भरत नव्हती, बाळंतपण झाल्यावर एकदम भरायची. मुलींच्या हजेरीवर तिच्या सह्या नव्हत्या. शिकवण्याचं लेखी नियोजन काहीच नव्हतं. मी सगळं लिहून घेतलं, आणि लिहिताना मला बरं वाटत होतं.

मग बुद्धप्रियाची केस आली. डोकं दिसू लागलं. शिवम्मानं बुद्धप्रियाच्या हातावर आपला मोठा हात ठेवला, “निधान, निधान” म्हणत. मी जवळच उभी होते. तिनं तो हात कधी काढून घेतला ते मी पाहिलं, पण बुद्धप्रियाला कळलं नव्हतं. बाळ बाहेर आलं तेव्हा शिवम्मा दोन पावलं मागं, हात पाठीशी बांधून उभी होती. बुद्धप्रियानं वळून बघितलं आणि एकटीनं केलंय हे कळल्यावर ती रडली. तपासयादीत याच्यासाठी रकाना नव्हता. फॉर्मप्रमाणे ती यादीही मीच केली होती.

जाताना शिवम्मा फाटकापर्यंत आली. मला वाटलं, आता नेमणुकीचं विचारेल, आर्जव करेल. मी उत्तर तयार ठेवलं होतं. ती म्हणाली, “रूपाली मॅडम, तुझी एक राहिली की.”

“कसली?”

“विसावी. मी हाय अजून महिनाभर. कवाबी ये.”

दोन मुली पाठीमागं ऐकत होत्या. जिल्ह्यात पहिली आलेली मी, एम.एस्सी., चाळीस मुलींची इन्स्ट्रक्टर, आणि ही मला अजून एक केस कमी असलेली पोरगी समजते. बसमध्ये बसल्यापासून उतरेपर्यंत मी मनातल्या मनात अहवालच लिहीत होते.

अहवालात एकही शब्द खोटा नव्हता. शैक्षणिक अर्हता अपुरी. नोंदी अनियमित. लेखी नियोजनाचा अभाव. जोडीला चाळीस फॉर्म. मानद मार्गदर्शक म्हणून कॉलेजच्या शिक्षकांपैकीच कुणाला तरी नेमावं, अशी शिफारस. संस्थेनं पंधरा दिवसांत मंजुरी दिली आणि नाव निघालं माझं.

तीस मे रोजी प्राचार्यांनी मला त्या नेमणुकीच्या कागदावर अधीक्षकांची सही आणायला पाठवलं. नाहीतर मी गेले नसते. शिवम्माचा शेवटून दुसरा दिवस होता. अधीक्षकांनी सही केली आणि सहज म्हणाले, “सिस्टरला दाखवला मी तुमचा रिपोर्ट. त्यांना आधी कळलेलं बरं.” मी मागच्या दारानं निघाले होते. पण मागच्या दाराची वाट लेबर रूमवरून जाते, ते मी विसरले होते.

शिवम्मा दारातच उभी होती. “आलीस? हातमोजे घाल. बाई तयार हाय.”

“सिस्टर, तुम्ही माझा रिपोर्ट वाचला?”

“हाव. समदं खरं लिवलंस की. तक्ता मी उशिरानंच भरते.” तिनं माझ्या खांद्यावरची पर्स काढून खिळ्याला अडकवली. “तिच्या कळा येऊन राहिल्या. ते मागून बोलू.”

मी आत गेले. नाही म्हणायचं धाडस झालं नाही, हे खरं कारण. टेबलावरच्या बाईनं माझा हात असा दाबला की अंगठी रुतली. मी तिला नाव विचारलं. जया. दुसरी खेप. माहेर नांदेडकडचं, म्हणून माझी बोली ऐकून जरा सावरली. सकाळी चहात बुडवून अर्धी भाकरी खाल्ली होती. तळहातावर लिहायला वेळ नव्हता, मी ऐकत राहिले. डोकं येऊ लागलं तशी माझ्या हातावर शिवम्माच्या हाताची ऊब आली. इतक्या वर्षांत शेकडो बाळंतपणं केलेली मी, तरी माझा श्वास सुटला. कळेच्या मागं, पुढं नाही. मुलगी झाली. मी वळून बघितलं तर शिवम्मा खिडकीशी उभी होती. तिचा हात कधी गेला ते मला कळलं नव्हतं.

व्हरांड्यात तिनं विचारलं. मी सांगितलं, नाव जया, अर्धी भाकरी, बाहेर सासू केवळाबाई थांबली आहे आणि नवरा कारखान्यावर गेलाय. शिवम्मानं खिशातून पेन काढलं. केसबुक कुठलं असणार? माझ्या पर्समध्ये एक उरलेला कोरा फॉर्म होता, चार चौकटींचा. त्याच्या पाठीवर तिनं लिहिलं, केस नंबर वीस, जया, तारीख. खाली सही केली. मग म्हणाली, “आता राहिलं न्हाई काही.” नेमणुकीबद्दल ती शब्द बोलली नाही. मागून बोलू म्हणाली होती, पण बोललीच नाही.

मी परत येऊन प्राचार्यांना सांगितलं की माझ्या अहवालात काही सुटलंय, शिवम्मा सिस्टरचा पुन्हा विचार व्हावा. ते म्हणाले, “मंजुरी झाली मॅडम. पुढच्या वर्षी बघू.” मी दुसऱ्यांदा सांगितलं नाही. दुसऱ्यांदा सांगितलं असतं तर कदाचित झालं असतं, हेही इथं लिहून ठेवते. एकतीस तारखेला शिवम्माला शाल आणि नारळ मिळाला, आणि एक जूनपासून लेबर रूममध्ये तिच्या जागी मी उभी राहिले.

यंदा मार्चमध्ये पुन्हा मूल्यमापन आलं. या वेळी मी रोल नंबर काढून टाकला आणि चौकटींच्या जागी मोकळी ओळ ठेवली. कुणाचा आधार वाटला, आणि का? अडतीस फॉर्म आले. एकतीस जणींनी माझं नाव लिहिलं होतं. शेरे या वेळी वेगवेगळे होते. ‘रूपाली मॅडम सहीच्या आधी बाईचं नाव विचारतात.’ ‘मॅडम हातावर हात ठेवतात आणि कधी काढतात ते समजत नाही.’ एकीनं लिहिलं होतं, ‘मॅडम निधान निधान म्हणतात. अर्थ माहीत नाही, पण भीती जाते.’

ज्याच्यासाठी इतकी वर्षं जळले ते माझ्या टेबलावर पडलं होतं. एकतीस फॉर्म दोनदा वाचले. त्यात माझं म्हणावं असं एक वाक्यही नव्हतं.

रविवारी मी ते फॉर्म घेऊन तिच्या गावी गेले. वीरण्णांनी पाणी दिलं. शिवम्मा ओसरीवर सुपात ज्वारी निवडत बसली होती. तिनं चष्मा लावून एकेक फॉर्म वाचला, काही ठिकाणी हसली.

मी म्हणाले, “सिस्टर, हे सगळं तुमचं आहे. पण तुमचं नाव कुठंच न्हाई.”

“पोरींचे हात बसले का?”

“हाव. चांगले बसले.”

“मग झालं की.” तिनं फॉर्म नीट जुळवून माझ्याकडे दिले आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. माझ्या दुखण्यातलं तसूभर तरी तिथं दिसावं म्हणून. तिचं तिच्याजवळून नेलंय, तिला कुठंतरी टोचलं असेलच. ती खडे वेचत होती. तिला काही टोचलं नव्हतं, आणि मला तिचा त्याबद्दलही हेवा वाटला.